ड्रॅगन फ्रूट तांदळात पिकतं का?

‘ड्रॅगन फ्रूट हिरवंच तोडा, तांदळाच्या डब्यात ठेवा, आंब्यासारखं पिकतं,’ असं सांगितलं जातं. आंबा, केळी उतरवल्यावर पिकतात, त्यामुळे ते पटतंही. पण या फळात साखर येते ती वेलाकडूनच. तोडलं की गोडी वाढायची थांबते. फसवते खरी साल. ती डब्यातही थोडी लाल होऊ शकते, गर मात्र फिकाच राहतो.

पडताळायचं असेल तर एकाच रात्री उमललेल्या दोन फुलांची फळं निवडा. एक हिरवं असतानाच तोडून डब्यात ठेवा. दुसरं वेलावर रंगू द्या, साधारण ३० ते ३५ दिवस लागतात. रंग आल्यावर ३-४ दिवसांनी तोडा आणि दोन्ही चाखा. तोवर जाळीची पिशवी बांधा, पक्षी वाट पाहत नाहीत.