राधानगरीचे दरवाजे आणि दाजींचा पिकअप

"पाव्हणं, डावीकडं वळलं की गिअर सुटतोय. उजवीकडं न्हाई."

दाजींचा फोन आला तेव्हा ते आंबा घाट चढून वर टपरीवर चहा पीत होते. पिकअपच्या हौद्यात रत्नागिरीहून भरलेल्या हापूसच्या पेट्या, आणि घाटभर एकच तमाशा: डाव्या वळणावर रेस एकदम वाढायची, गाडी मात्र ओढायची नाही, आणि वळण संपलं की मागून कुणी लाथ घातल्यासारखा झटका. सरळ रस्त्यावर काही नाही. सकाळी आणखी एक खोड असायची. रिव्हर्स टाकला की गाडी तीनेक सेकंद विचार करायची आणि मगच हलायची.

हा पिकअप म्हणजे बाहेरून आयात झालेला, चार गिअरचा जुना ऑटोमॅटिक. दाजींनी तो हौसेनं घेतला. एका गॅरेजनं न उघडताच 'गिअरबॉक्स गेला, पूर्ण काम निघणार' असं सांगून ठेवलं होतं. मला ते पटलं नाही, कारण गेलेला गिअरबॉक्स डावं-उजवं बघत नाही. वळणाची दिशा ज्याला कळते असं त्या पेटीत एकच आहे, ते म्हणजे तेल.

हाताच्या गिअरच्या गाडीत तेलाचं काम वंगणाचं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल ताकदही पोचवतं, निरोपही पोचवतं आणि उष्णताही वाहून नेतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचप्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. पंचगंगेवरचा उपसा पंप पाण्याला जोर देतो आणि राधानगरीच्या वीजगृहात पाण्याच्या जोरावर टर्बाइन फिरतं. ही दोन्ही यंत्रं एका बंद डब्यात समोरासमोर बसवा, पाण्याऐवजी तेल भरा, की कन्व्हर्टरचा गाभा तयार झाला. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं या कल्पनेचं पेटंट 1905 मध्ये घेतलं ते जहाजांसाठी. वाफेचं टर्बाइन फार जोरात फिरतं आणि जहाज ढकलणारा पंखा हळू फिरायला हवा, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता.

कन्व्हर्टरच्या मागं दातेरी चाकांचे संच असतात. मध्ये एक चाक, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि त्या सगळ्यांना वेढणारं आतल्या दात्यांचं कडं. यातलं कोणतं धरून ठेवायचं आणि कोणतं सोडायचं यावर गिअर ठरतो. धरायचं काम क्लचच्या चकत्यांचं, आणि चकत्या दाबायचं काम पुन्हा तेलाचं.

थोडा हिशेब करू. चकत्या दाबणाऱ्या पिस्टनचं क्षेत्रफळ 50 चौरस सेंटिमीटर धरा. तेलाचा दाब 10 बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण दहा किलो असेल, तर पिस्टनवर साधारण 500 किलोचा भार पडतो. दाब 5 बारवर आला की भार 250 किलो. चकत्यांची पकड भाराच्या प्रमाणात असते, म्हणजे दाब निम्मा झाला की पकडही निम्मी. सपाट रस्त्यावर तेवढी पुरते, आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढताना पुरत नाही. चकत्या एकमेकींवर घसरतात आणि इंजिनाची ताकद चाकांकडं जायच्या ऐवजी उष्णता होऊन तेलात जाते. 200 न्यूटन-मीटर पीळ वाहणारा क्लच मिनिटाला 300 फेऱ्यांनी घसरला तर सहा किलोवॉटच्या पुढं उष्णता तयार होते. घरातले तीन गिझर एकदम चालू करून पातेल्याएवढ्या जागेत कोंबल्यासारखं! आणि या चकत्यांवरचं अस्तर कशाचं असतं? कागदाचं. खास तंतूंचा, राळेत मुरवलेला असला तरी शेवटी कागदच. मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खोटं वाटलं होतं.

आता गिअर कधी बदलायचा हे कोण ठरवतं? नव्या गाड्यांत संगणक. पण हायड्रा-मॅटिक हा पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 1939 मध्ये, 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून आला, तेव्हा ट्रान्झिस्टरचाही शोध लागायचा होता. निर्णय घेणारं तेलच होतं. दाजींचा पिकअप त्याच घराण्यातला.

कोल्हापूरकरांना हे समजावायला राधानगरी पुरे. धरण भरत आलं की सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच जोरावर एकेक करून उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. बटण दाबायला कुणी बसलेलं नसतं. जुन्या गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे तेलाच्या वाटा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या ठोकळ्यात, असेच बोटाएवढे दरवाजे असतात. एका बाजूनं गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा तेलाचा दाब, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंग आणि ॲक्सिलरेटरच्या केबलनं ठरणारा दाब. वेगाची बाजू जिंकली की दरवाजा सरकतो आणि वरचा गिअर पडतो. ॲक्सिलरेटर दाबून धरला असेल तर दुसरी बाजू दांडगी होते, म्हणून गिअर उशिरा पडतो. चढावर हेच हवं असतं.

यातून कितीतरी तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. गाडी नेहमीच उशिरा गिअर बदलत असेल तर ती केबल ताणलेली असू शकते. केबल सैल असेल तर उलटं होतं, गिअर लवकर आणि मऊ पडतात. ते चालवायला छान वाटतं आणि तिथंच घात होतो, कारण बऱ्याच गिअरबॉक्समध्ये त्याच केबलवर पकडीचा दाबही ठरतो. मऊ म्हणजे घसरत पडणारा गिअर. संगणकवाल्या गाड्यांचं वेगळं. तिथं गाडी एकाच गिअरला अडकून बसली की बहुतेकदा संगणकानं काहीतरी बिघाड ओळखून स्वतःला जपलेलं असतं. तिथं आधी बॅटरी आणि अर्थिंग बघायचं, स्कॅनर लावायचा, मग पुढचं.

दाजींची डावी वळणं मात्र केबलनं उलगडत नव्हती. गाडी डावीकडं वळते तेव्हा तळाच्या चेंबरमधलं तेल उजवीकडं धावतं. तेल पुरेसं असेल तर पंपाला ओढून देणारी गाळणी तरीही बुडालेली राहते. कमी असेल आणि गाळणीचं तोंड डावीकडं असेल तर ती क्षणभर उघडी पडून हवा ओढते. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. हवा मिसळली की दाब कोसळतो, चकत्या सुटतात. वळण संपतं, तेल परत येतं, दाब एकदम उभा राहतो आणि झटका बसतो.

"पण तेल फुल्ल आहे," दाजी म्हणाले. "पंपावरच्या पोरानं पट्टी काढून दाखवली की."

इंजिन बंद होतं का?

"मग? चालू गाडीत कोण ऑइल बघतंय?"

चूक इथं होती, आणि ती फार जण करतात. इंजिनाचं तेल इंजिन बंद करून बघतात, म्हणून हेही तसंच बघितलं जातं. पण ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद झालं की कन्व्हर्टरमधलं आणि वाटांमधलं तेल उतरून चेंबरमध्ये साचतं, आणि पट्टीवर पातळी फुगलेली दिसते. दुसरं म्हणजे तेल तापून फुगतं. गिअरबॉक्समध्ये आठ-नऊ लिटर तेल असेल तर 60 अंशांनी तापल्यावर ते तीन-चारशे मिलिलिटरनं वाढतं. म्हणून पट्टीवर थंड आणि गरम अशा वेगळ्या खुणा असतात.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडं आम्ही गेलो त्यांनी आधी स्पॅनर उचललाच नाही. गाडी वीस मिनिटं फिरवून आणायला लावली, सपाट जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना लाकडी ठोकळे लावले. ब्रेकवर पाय ठेवून दांडी प्रत्येक गिअरमधून नेऊन परत पार्कवर आणायला सांगितली, म्हणजे सगळ्या वाटा तेलानं भरतात. मग इंजिन चालूच ठेवून पट्टी काढली. मी सवयीनं कॉटन वेस्ट पुढं केलं.

"त्ये नगं सर. त्येचा धागा आत गेला तर व्हॉल्व्ह अडकतोय." स्वच्छ सुती कापडानं पुसून त्यांनी पट्टी परत घातली, काढली. खालच्या खुणेच्याही खाली फक्त टोकाला तेल होतं. त्यांनी ते बोटावर घेऊन हुंगलं, पांढऱ्या कागदावर टिपलं. तपकिरीकडं झुकलेला लाल रंग, करपल्याचा वास नाही. "जळलं न्हाई अजून. नशीब तुमचं." काळं आणि करपट असतं तर कागदी अस्तर उडालं असं समजायचं. गुलाबी, दुधाळ असतं तर प्रकरण आणखी वाईट, कारण मग रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलेलं असतं आणि पाण्यानं अस्तराचा डिंक सुटतो.

पण तेल गेलं कुठं? दाजींच्या अंगणात फरशीवर एक डाग नव्हता. मिस्त्रींनी गाडी चालू ठेवूनच खाली वर्तमानपत्र सरकवलं आणि हातानं रेस दिली. थोड्या वेळानं रेडिएटरच्या खाली, बातम्यांवर एक लाल थेंब पडला, मग दुसरा. तेल थंड व्हायला जिथून पुढं जातं त्या रबरी नळीचा क्लिप ढिला होता. त्या नळीत तेल जोरात वाहतं ते इंजिन चालू असतानाच. म्हणजे गळायचं ते रस्त्यावर, अंगणात नाही.

नळी आणि क्लिप नवी बसली. चेंबर उघडलं तेव्हा आतल्या लोहचुंबकावर शाईसारखी बारीक करडी पेस्ट होती. तेवढी झीज जुन्या गिअरबॉक्सला माफ आहे, धातूचे चकाकते तुकडे असते तर नसती. गाळणी बदलली, कंपनीनं सांगितलेल्याच प्रकारचं तेल भरलं. तेही थोडं थोडं घालून, दर वेळी पट्टी बघत, कारण जास्त झालं तर फिरणारी चाकं ते घुसळून फेस करतात आणि फेस म्हणजे पुन्हा हवा. मशीन लावून जोरात फ्लश करून घेऊ का, असं दाजींनी विचारलं. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली, आणि मीही तेच म्हटलं असतं. इतक्या जुन्या पेटीत साठलेली घाण हलवून व्हॉल्व्हच्या तोंडाशी पाठवण्यात काय शहाणपण? चेंबर उघडल्यावर सगळं तेल निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून काही महिन्यांनी आणखी एकदा बदलायचं ठरलं. दाबाच्या तोंडाला गेज लावलं, काटा जागेवर आला.

पुढच्या खेपेला आंबा घाटातली डावी वळणं गुमान गेली. सकाळचा रिव्हर्स मात्र पूर्ण सुधारला नाही, तीन सेकंदांचा दीडवर आला. तो दोष तेलाचा नाही, पिस्टनभोवतीच्या रबरी सीलचा. वयानं कडक झालेली सील थंडीत नीट चिकटत नाहीत, तेल त्यांच्या कडेनं निसटतं. तापली की मऊ होतात. ती बदलायची तर पेटी उतरवावीच लागेल, आणि दाजींना एवढ्यात ते करायचं नाही. सकाळी इंजिन चालू करून ते ताईनं दिलेला चहा गाडीतच संपवतात, रिव्हर्स टाकतात, ब्रेकवर पाय ठेवून "एक... दीड" असं मोजतात, आणि गाडी हलते.