सोलाना

सोलाना ही वेगवान आणि अल्पखर्चिक सार्वजनिक ब्लॉकचेन (अनेक संगणकांनी मिळून ठेवलेली व्यवहारांची वही) असून सोल हे तिचे मूळ चलन आहे. एका सोलचे १०० कोटी लॅम्पोर्ट होतात. क्वालकॉममध्ये काम केलेले अनातोली याकोवेन्को यांनी २०१७ च्या अखेरीस तिचा आराखडा मांडला. मुख्य जाळे मार्च २०२० मध्ये सुरू झाले.

बिटकॉइनमध्ये नवा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) यायला सरासरी १० मिनिटे लागतात. सोलानावर एका स्लॉटला, म्हणजे एक ब्लॉक बनवण्याच्या पाळीला, सुमारे ४०० मिलिसेकंद पुरतात. मूळ रचनेत याचे श्रेय वेळेच्या नोंदीला आहे. त्यासाठी एसएचए-२५६ या, माहितीचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या सूत्राचा प्रत्येक निकाल पुढच्या गणिताला दिला जातो. ही साखळी एकापाठोपाठच तयार होते, तपासणी मात्र तुकडे पाडून अनेक कोअरवर एकाच वेळी उरकता येते. त्यामुळे आधी काय घडले यावर घासाघीस उरत नाही. कोणता व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून ब्लॉक बनवणारा संगणक) कधी ब्लॉक बनवणार हेही आधीच ठरलेले असते (सलग चार स्लॉट), म्हणून व्यवहार थेट त्याच्याकडे धाडले जातात. आपण कोणत्या खात्यांना हात लावणार हे प्रत्येक व्यवहार सांगून ठेवतो. वेगवेगळ्या खात्यांचे व्यवहार समांतर चालतात. एकाच खात्यावर झुंबड उडाली की प्राधान्य शुल्क (आपला व्यवहार आधी घ्यावा म्हणून दिलेली जादा रक्कम) चढते.

मूळ शुल्क प्रत्येक सहीमागे ५,००० लॅम्पोर्ट, म्हणजे ०.०००००५ सोल. त्यातले निम्मे कायमचे नष्ट होते. नवख्याची फसगत मात्र दुसरीकडेच होते. वाशीतल्या कोणी ठाण्यातल्या मित्राला पहिल्यांदाच यूएसडीसी (डॉलरशी जोडलेले डिजिटल नाणे) पाठवले, तर ते ठेवण्यासाठी मित्राचे टोकन खाते उघडावे लागते. त्यासाठी मूळ दराने ०.००२०३९२८ सोल अडकतात, शुल्काच्या चारशे पटींहून जास्त. रिकामे खाते बंद केल्यावर ते परत मिळतात. वॉलेटमध्ये भरपूर यूएसडीसी असूनही सोल शून्य असेल, तर स्वतःच्या वॉलेटमधून काहीच हलत नाही. शुल्क सोलमध्येच कापले जाते. व्यवहारात जोडलेला ब्लॉकहॅश (अलीकडच्या ब्लॉकचा ठसा) १५० ब्लॉकनंतर बाद होतो, त्यामुळे सही करायला एखाद-दोन मिनिटे रेंगाळले की पुन्हा पहिल्यापासून. अंमलबजावणीत फसलेल्या व्यवहाराचेही शुल्क जाते.

ही स्वस्ताई फुकटची नाही. तिचा भार व्हॅलिडेटर उचलतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-महापे भागात, डेटा सेंटर आहेत. तिथे व्हॅलिडेटर ठेवायचा तर किमान २५६ जीबी रॅम, वेगवान एनव्हीएमई डिस्क आणि दणकट जोडणी हवी. घरच्या ब्रॉडबँडवर भागत नाही. मूळ पद्धतीत ब्लॉक मान्य असल्याचे व्हॅलिडेटर जे मत देतो, त्या प्रत्येक मतालाही शुल्क लागते आणि दिवसाला सुमारे एक सोल त्यात जाऊ शकतो. शिवाय बहुतांश स्टेक (व्हॅलिडेटरांच्या पाठीशी अडकवून ठेवलेले सोल) युरोप-अमेरिकेत आहे. महाप्याहून निघालेले मत उशिरा पोचले की बक्षिसासाठी मोजले जाणारे गुण घटतात.

जाळे बंदही पडले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) व्यवहारांच्या लोंढ्याने ते सुमारे १७ तास ठप्प होते. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी सॉफ्टवेअरमधील दोषाने सुमारे पाच तास. अशा वेळी ८० टक्के स्टेक पुन्हा जोडला जाईपर्यंत गाडी सुरू होत नाही.

भारतात सोल कायदेशीर चलन नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला, १ जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएसही आला. सोल देऊन यूएसडीसी घेणे हीसुद्धा विक्रीच धरली जाते, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.