भातखाचरातले उंदीर: हद्द आणि फिरती

शिराळा, पाटण, जावळी ह्या पट्ट्यात भात पोटरीला आलं, म्हणजे लोंबी अजून खोडाच्या आतच फुगत असते तेव्हा, खाचराच्या मधोमध रात्रीत पीक आडवं होतं, कडेचं मात्र उभंच राहतं, त्यामुळं बांधावरनं बघणाऱ्याला लवकर पत्ताच लागत नाही. फुटवे बुडापासून थोडं वर तिरके कापलेले दिसले म्हणजे उंदीरच समजायचा, खोडकिडीची पळींज, म्हणजे दाणा न भरलेली पोकळ लोंबी, पांढरी पडते पण उभी राहते.

आपल्याकडं जास्त त्रास छोट्या घुशीचा, शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. ही बांधातच बीळ करते, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो आणि बऱ्याचदा तोंड आतनंच बुजवलेलं. एका बिळात मोठं जनावर सहसा एकच, नाहीतर मादी आणि तिची पिल्लं, दुसरं कोण शिरलं की मारामारी ठरलेली. आत एका कप्प्यात कापलेल्या लोंब्या रचून ठेवलेल्या असतात. खाचरात पाणी आहे म्हणून निवांत राहू नका, घूस चांगली पोहते.

घुशीची हद्द, म्हणजे ती फिरते तो टापू, कायम एवढीच असं काही नसतं. नराची फिरती मादीपेक्षा लांबची, आणि पिकायला आलेलं भात बिळाशेजारीच असलं की लांब जायची गरजच उरत नाही. कापणी झाली की खाणं आणि आडोसा दोन्ही एकदम जातं, मग हे सगळे शेजारच्या उसात घुसतात. वारणाकाठाला भात आणि ऊस बांधाला बांध लावून असल्यानं त्यांना वर्षभर थारा मिळतो, दुखणं खरं इथंच आहे. म्हणून एकट्यानं औषध टाकून भागत नाही हो, रिकाम्या बिळात शेजारचा उंदीर येऊन बसतो! सगळ्या शिवारानं एकाच आठवड्यात करायला पाहिजे.

जिवंत बीळ ओळखायला संध्याकाळी सगळी तोंडं मातीनं बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढ्यातच काम करायचं. झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष वापरणार असाल तर आधी 2-3 दिवस बिनविषाचा भरडा ठेवा, नाहीतर एकदा चाखून आजारी पडलेला उंदीर परत त्या आमिषाला तोंड लावत नाही. बांध 30 सेंटिमीटरपेक्षा रुंद ठेवू नका, गवत काढा, धामण दिसली तर मारू नका. आणि हे सगळं पोटरीच्या आधी, कारण लोंब्या आल्यावर आमिषाकडं कोण बघतंय.