अकाली प्रसूतीनंतरची मातृचिंता आणि बालकाचे मनःस्वास्थ्य

गर्भारपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी बाळ जन्मले, तर त्या जन्माला अकाली किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती म्हणतात. अशा बाळंतपणानंतर आईच्या मनात धसका बसतो, बाळाच्या जिवाची धास्ती लागून राहते. झोप उडते, छातीत धडधडते, पाळण्यातल्या बाळाचा श्वास चालू आहे ना हे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. या साऱ्याला मातृचिंता ही संज्ञा वापरतात. पहिले काही आठवडे ती बहुतेक आयांना असते आणि तीत वावगे काही नाही. मात्र बाळ घरी येऊन अंग धरू लागले तरी ती ओसरली नाही, तर तिची सावली मुलाच्या मनावरही पडू शकते. प्रसूतीनंतरचे नैराश्य आणि ही चिंता वेगवेगळ्या गोष्टी आहेत, जरी पुष्कळदा त्या एकाच बाईच्या वाट्याला येतात. नैराश्यात मन विझते, चिंतेत ते अखंड जागे राहते. म्हणूनच चिंताग्रस्त आई बाहेरून ‘फार काळजीवाहू’ दिसते आणि तिच्या त्रासाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अकाली जन्मली, म्हणजे दर दहा जन्मांमागे साधारण एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात जन्मली. ही संख्या इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त आहे.

धसक्याची कारणे

अकाली प्रसूतीत बाळाइतकीच आईही अर्धवट तयारीत सापडते. आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळजेवण होते, पहिलटकरीण माहेरी जाते. तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईचे यांतले काहीच झालेले नसते किंवा ऐन तयारीतच सारे थांबते. पुढचेही बिघडते. पाचवी आणि सटवीच्या पूजेला बाळ घरात नसते, बाराव्या दिवशीचे बारसे लांबते, शेक-शेगडी सोडून ओली बाळंतीण रुग्णालयाच्या बाकावर बसून असते. भेटायला आलेले लोक पेढे मागावेत की धीर द्यावा या संभ्रमात असतात. बाळ ‘काचेच्या पेटीत’ असते, त्याला नळ्या लावलेल्या असतात आणि श्वास मधेच थांबला की यंत्र वाजते. यंत्राचा तो आवाज घरी आल्यावरही कित्येक महिने कानात वाजत राहतो, असे अनेक आया सांगतात.

त्यात अपराधीपणाची भर पडते. ‘जिना चढलीस’, ‘कामावर जात राहिलीस’, ‘पपई खाल्लीस’ असे कोणी ना कोणी बोलून जाते. प्रत्यक्षात अकाली प्रसूतीमागे जंतुसंसर्ग, रक्तदाब, जुळी बाळे, गर्भाशयाच्या तोंडाचा दुबळेपणा अशी अनेक कारणे असतात आणि पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही.

‘सातव्यातले जगते, आठव्यातले जगत नाही’ ही समजूत महाराष्ट्रात अजून ऐकू येते. तिचे मूळ फार जुने आहे. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे आयुर्वेदाने मानलेले जीवनसत्त्वाचे सार, आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करते, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असे चरकसंहितेत म्हटले आहे आणि प्राचीन ग्रीक वैद्यकातही अशीच समजूत होती. वस्तुस्थिती उलट आहे. गर्भाशयात काढलेल्या प्रत्येक जादा आठवड्याने बाळाची जगण्याची शक्यता वाढते, म्हणजे आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्यापेक्षा सुरक्षित असते. चौतिसाव्या आठवड्यात बाळंत झालेल्या आईला हे पहिल्याच दिवशी, आजीच्या समोर, कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. अनेक रात्रींची धास्ती त्या एका वाक्याने कमी होते.

अभ्यासाचा इतिहास

पॅरिसमधले प्रसूतितज्ज्ञ पिएर बुदँ यांनी १९०० च्या सुमारास एक गोष्ट नोंदवली होती. पेटीतल्या बाळापासून दूर ठेवलेल्या काही आयांची त्या बाळावरची मायाच आटून जाते. म्हणून आईने येऊन बाळाला अंगावर पाजावे, असा त्यांचा आग्रह होता. तरीही पुढची कित्येक दशके संसर्गाच्या भीतीने आयांना काचेबाहेरच ठेवले गेले. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी आयांना आत घेऊन पाहिले आणि १९७० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ही पद्धत सैल होऊ लागली.

आईच्या मनाचा नेमका विचार १९६० साली डेव्हिड कॅप्लन आणि एडवर्ड मेसन यांनी मांडला. त्यांच्या मते अकाली प्रसूत झालेल्या आईला मनाची चार कामे पार पाडावी लागतात. बाळ जाईल या भीतीने ती आधीच शोक करू लागते. आपण पुरे दिवस भरू शकलो नाही हे तिला स्वीकारावे लागते. बाळ सावरू लागले की आखडता घेतलेला जीव पुन्हा त्याच्यात गुंतवावा लागतो. शेवटी, आपल्या बाळाच्या गरजा काही काळापुरत्या वेगळ्या आहेत, कायमच्या नाहीत, हे उमजावे लागते. पुष्कळ आया चौथ्या कामापाशी अडकतात. १९६४ मध्ये मॉरिस ग्रीन आणि अल्बर्ट सॉल्निट यांनी याच अडकण्याचे वर्णन ‘नाजूक बालक लक्षणसमूह’ या अर्थाच्या नावाने केले. मरणाच्या दारातून परतलेले मूल धडधाकट झाले तरी आईवडिलांच्या लेखी ते नाजूकच राहते. मग ते आईला सोडून राहत नाही, त्याला झोपेची अडचण येते, साध्या सर्दीलाही दवाखाना गाठला जातो आणि शाळेत ते मागे मागे राहते.

चिंता मुलापर्यंत कशी पोहोचते

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे इशारे पुसट असतात. त्याचे रडणे क्षीण, नजर लवकर वळणारी, दूध पिता पिता ते झोपी जाते. थकले की ते मान फिरवते किंवा बोटे फाकवते. पुऱ्या दिवसांचे बाळ भूक लागली की घर डोक्यावर घेते. अपुऱ्या दिवसांचे बाळ कुरकुरतही नाही. अशा बाळाला ओळखायला निवांत मन लागते आणि धास्तावलेल्या आईला नेमके तेच मिळत नाही. नजर वळवली म्हणजे बाळाला विसावा हवा आहे, पण तिला वाटते काहीतरी बिघडले. ती त्याला हलवते, हाक मारते, खुळखुळा वाजवते. बाळ आणखी थकते, आणखी तोंड फिरवते. काही आया याउलट बाळाला हात लावायलाही बिचकतात. दोन्हीकडे देवघेवीचा ताल चुकतो. बाळाचा आवेग आधी आईच्या मांडीवर शांत होतो आणि त्यातूनच पुढे स्वतःला शांत करण्याची क्षमता येते, म्हणून हा ताल महत्त्वाचा.

मूल वर्षाचे होत आले की दुसरी वाट उघडते. नवीन माणूस, पायरी, मांजर समोर आले की मूल आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहते. तिथे भीती दिसली तर ते मागे फिरते. पडून, धडपडून शिकण्याच्या संधी अशा एकेक करून हुकतात.

अकाली जन्मलेल्या मुलांना मनाच्या तक्रारींचा धोका मुळातच काहीसा जास्त असतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १९९५ साली २६ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा अकराव्या वर्षी अभ्यास झाला. त्यांपैकी २३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. त्यांच्या वर्गमित्रांत हे प्रमाण ९ टक्के होते. या मुलांत विध्वंसक वागणुकीपेक्षा लक्ष न लागणे, भित्रेपणा आणि इतर मुलांत न मिसळणे अधिक दिसते. मेंदूची वाढ पुरी होण्याआधीच बाहेर यावे लागणे हे त्याचे मोठे कारण आहे. आईच्या चिंतेचा वाटा वेगळा. कॅनडातील माँट्रियल येथे १,५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांच्या अभ्यासात, बाळ अतिदक्षता विभागात असताना ज्या आयांची चिंता जास्त होती त्यांच्या मुलांत दोन वर्षांच्या सुधारित वयाला आत कुढण्याच्या वागणुकीच्या तक्रारी अधिक दिसल्या. सुधारित वय म्हणजे अपेक्षित तारखेपासून मोजलेले वय. दोन महिने आधी आलेले बाळ आठ महिन्यांचे झाले तरी त्याची तुलना सहा महिन्यांच्या बाळाशी करायची. शेजारच्या बाळाशी रोज होणारी चुकीची तुलना हा चिंतेचा मोठा खुराक आहे.

या निष्कर्षांचा अर्थ ‘आईच्या काळजीने मूल बिघडते’ असा काढणे अन्यायाचे आणि चुकीचेही आहे. जास्त आजारी बाळाची आई जास्त धास्तावते, म्हणजे कारण आणि परिणाम दोन्ही बाजूंनी वाहतात. मुलाच्या वागणुकीची माहिती बहुधा आईच देते आणि चिंतातुर मनाला तक्रारी ठळक दिसतात. शिवाय चिंतेचा कल काही अंशी अनुवंशानेही येतो.

महाराष्ट्र आणि गोवा

पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत केला. भारतात इतका दीर्घ पाठपुरावा विरळाच. अकाली जन्म आणि दिवसांच्या मानानेही कमी वजन असे दुहेरी ओझे असलेली मुले त्यात सर्वांत मागे दिसली. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ टक्के मातांना प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी झाल्याचे दडपण ही त्याची ठळक कारणे होती. हा अभ्यास अकाली प्रसूतीपुरता नव्हता. पण मुलगीही झाली आणि तीही अपुऱ्या दिवसांची, अशा बाईवर घरात काय भार पडत असेल याची कल्पना त्यावरून येते.

ओळख आणि उपाय

प्रसूतीनंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेल्या एडिनबरा प्रश्नावलीत दहा प्रश्न आहेत. त्यांतले तीन चिंता टिपतात. विचारायला पाच मिनिटे पुरतात. अडचण अशी की पाठपुराव्याच्या भेटीत वजन, डोळ्यांचा पडदा, कान, लसी सारे तपासले जाते, पण केसपेपर बाळाच्या नावाचा असतो आणि आईला कोणी काही विचारत नाही.

सर्वांत साधा उपाय आईच्या छातीवरच आहे. कोलंबियात बोगोटा येथे एडगर रे सानाब्रिया यांनी १९७८ मध्ये पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू मातृसेवा. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केल्यावर बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. तिथे आईची खाट अतिदक्षता विभागातच ठेवली गेली. मनाच्या दृष्टीने याचा लाभ वेगळा आहे. छातीशी धरलेल्या बाळाचा श्वास आईला यंत्राशिवाय जाणवतो. बोगोटातल्या मुलांचा वीस वर्षांनी पुन्हा शोध घेतला तेव्हा कांगारू पद्धतीने वाढलेल्यांत चंचलपणा आणि आक्रमकपणा कमी आढळला.

अमेरिकेत बर्नाडेट मेल्निक यांनी अतिदक्षता विभागातल्या आईवडिलांना बाळाचे इशारे कसे वाचावेत हे ध्वनिफिती आणि वहीच्या मदतीने शिकवले. आयांची चिंता तर घटलीच, शिवाय बाळे सरासरी सुमारे चार दिवस लवकर घरी गेली. मेलबर्नमध्ये ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १२० बाळांपैकी निम्म्यांच्या घरी पहिल्या वर्षात मानसतज्ज्ञ आणि भौतिकोपचारतज्ज्ञ नऊ वेळा गेले. चौथ्या वर्षी या घरांतल्या पालकांची चिंता कमी होती आणि मुलांच्या मनातले कुढणेही कमी होते. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र फरक पडला नव्हता.

आपल्याकडे आशा कार्यकर्ती बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटी देते. वजनकाटा बाहेर काढण्याआधी तिने ‘ताई, रात्री झोप लागते का?’ एवढे विचारले तरी दार उघडते. झोप लागत नसेल, बाळ निजल्यावरही डोळा लागत नसेल, एकटीने बाळाजवळ थांबायची भीती वाटत असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर समुपदेशन घ्यावे. गरज पडल्यास अंगावर पाजताना चालणारी औषधेही डॉक्टर देऊ शकतात. मनाच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारच्या ‘टेली-मानस’ दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू असून त्यावर मराठीत बोलता येते. फोन वडिलांनी किंवा आजीनेही करायला हरकत नाही.