लेथवर (लाकूड फिरवणाऱ्या यंत्रावर) कातलेल्या लाकडी वाडग्याला डाय लावावा की रंगद्रव्याचा स्टेन?

लाकूड रंगवण्याच्या अनेक डब्यांवर नुसते ‘वुड स्टेन’ एवढेच लिहिलेले असते. आत डाय आहे, रंगद्रव्य आहे की दोन्हींचे मिश्रण आहे, हे त्यावरून कळत नाही. डबा न हलवता काही दिवस ठेवून काडीने तळ चाचपून पाहावा. गाळ लागला तर आत रंगद्रव्य आहे. डाय मात्र द्रवात पूर्ण विरघळलेला असल्यामुळे खाली बसत नाही आणि पातळ करून काचेच्या बाटलीत उजेडासमोर धरल्यास त्यातून आरपार दिसते.

रंगद्रव्य म्हणजे बारीक दळलेली पूड. ती लाकडाला धरून राहावी म्हणून तिच्यात तेल किंवा रेझिन (राळेसारखा चिकट पदार्थ) असते, आणि ती मुख्यतः लाकडाच्या छिद्रांत व सँडपेपरच्या ओरखड्यांत साठते. ओक किंवा ॲश या झाडांच्या लाकडातल्या मोठ्या छिद्रांच्या ओळी त्यामुळे उठून दिसतात. मॅपलसारख्या घट्ट लाकडात मात्र पुडीला बसायला फारशी जागाच नसते, आणि गडद रंगासाठी थरावर थर चढवले की लाकूडच झाकले जाते. डाय थेट तंतूंत मुरतो आणि कितीही गडद केला तरी लाकडाची नक्षी दिसत राहते. म्हणून मॅपलच्या वाडग्यासाठी माझे मत निःसंकोचपणे डायच्या बाजूने आहे.

खरी अडचण वाडग्याच्या आकारातून येते. फळीसारख्या, आडव्या रेषांच्या (म्हणजे आडव्या तंतूंच्या) तुकड्यातून वाडगा कातला की त्याच्या भिंतीवर एका फेऱ्यात दोन ठिकाणी रेषांची कापलेली टोके वर येतात, आणि ही टोके द्रव अधिक शोषत असल्यामुळे डाय असो वा स्टेन, तिथे रंग गडद होतो. पटाशीने तंतू उखडले असतील तर तेही नेमके याच दोन जागी, आणि कोरड्या लाकडावर न दिसलेला तो खरखरीत पट्टा रंग लागताच काळपट डागासारखा उमटतो. रंगवण्याआधी वाडगा स्पिरिटने पुसून पाहिल्यास असे पट्टे दिसतात. शिवाय टोकांचा भाग बाकीच्यापेक्षा एक पायरी अधिक बारीक सँडपेपरने घासल्यास तिथले शोषण थोडे कमी होते.

पाण्यातला डाय तंतू फुलवतो, म्हणून वाडगा आधी नुसत्या पाण्याने ओला करून, वाळवून, ३२० नंबरच्या कागदाने हलकेच घासून घ्यावा. स्पिरिटमधला डाय तंतू फारसे फुलवत नाही, पण इतक्या लवकर वाळतो की हात थांबला तिथे कडा उमटते. त्यामुळे लेथ हाताने सावकाश फिरवत, ओली कड वाळू न देता रंग पुढे न्यावा. (यंत्र वेगात सुरू ठेवून रंग लावणाऱ्याचे कपडेही रंगतात.) लहरदार (तंतू लाटांसारखे वळलेल्या) मॅपलवर आधी काळा डाय लावून, वाळल्यावर वरचा रंग घासून काढला की तो लहरींच्या शोषक पट्ट्यांतच उरतो, मग त्यावर पिवळा किंवा निळा डाय चढवल्यास वाडगा फिरवताना या लहरी हलल्यासारख्या दिसतात.

उजेडात टिकण्याच्या बाबतीत मात्र रंगद्रव्य सरस आहे. विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यांपासून कृत्रिम डाय बनवला, तेव्हापासून रसायने पुष्कळ सुधारली असली आणि मेटल-कॉम्प्लेक्स डाय (ज्यांच्या रेणूंत धातू बांधलेला असतो) जुन्या प्रकारांपेक्षा बरेच टिकत असले, तरी खिडकीत ठेवायच्या वाडग्यावर मी डायचा भरवसा धरणार नाही. स्पिरिटमधल्या डायवर ब्रशने लाखेचे पॉलिश लावले तर पॉलिशमधले स्पिरिट खालचा रंग पुन्हा विरघळवते आणि रंग ओढला जातो. तिथे तेलाचे किंवा फवाऱ्याने दिलेले आवरण बरे. खाण्याचे पदार्थ ठेवायच्या वाडग्याची आतली बाजू न रंगवणेच योग्य.

ॲशच्या वाडग्यावर मात्र दोन्ही एकत्र वापरता येतात. आधी काळा डाय मुरवावा, त्यावर पातळ सीलर (खालचा रंग बंद करणारे पारदर्शक आवरण) देऊन तो पूर्ण वाळू द्यावा, मग पांढऱ्या रंगद्रव्याचे मेण छिद्रांत चोळून वरचे पुसून टाकावे. सीलर वगळला तर पांढरे मेण काळ्या तंतूंनाही चिकटते आणि सगळा वाडगा राखाडी दिसतो.