हवेचा पंचनामा

हवा वाहनांनी बिघडवली की बांधकामांनी, हा वाद कोणत्याही वाढत्या शहरात कधी मिटत नाही. गाडीवाला कचरा जाळणाऱ्याकडे बोट दाखवतो, कारखानदार रस्त्यावरच्या धुळीकडे. खरा पुरावा मात्र हवेतच तरंगत असतो. तो पकडून तराजूत घालावा लागतो, एवढंच.

पकडायची रीत साधी आहे. पंपाने हवा ओढायची, अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण वाटेतच अडवायचे आणि उरलेले ४७ मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरवर बसू द्यायचे. मिनिटाला साधारण १६.७ लिटर हवा ओढली, तर दिवसभरात २४ घनमीटर हवा फिल्टरमधून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांसाठी चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम ठरवली. समजा, शहरात हाच आकडा १०० आहे. तरी दिवसाची कमाई किती, तर २.४ मिलिग्रॅम! मिठाचे चाळीसेक दाणे. एवढ्याशा काजळीवर सगळा तपास चालतो.

त्यातही एका फिल्टरने भागत नाही. धातू मोजायला टेफ्लॉनचा फिल्टर बरा, पण टेफ्लॉनमध्येच कार्बन असतो, त्यामुळे काजळीचा हिशेब त्यावर करता येत नाही. काजळीसाठी क्वार्ट्झचा फिल्टर घ्यावा, तर क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साइड. मग मातीतलं सिलिकॉन कसं मोजणार? म्हणून दोन्ही फिल्टर शेजारी शेजारी लावतात.

आता ठसे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि लोह एकत्र दिसले की माती. त्यांच्या जोडीला कॅल्शियम भलतंच वाढलेलं असेल, तर संशय सिमेंटवर. तांबं, बेरियम आणि अँटिमनी झिजणाऱ्या ब्रेकमधून येतात, व्हॅनेडियम आणि निकेल जहाजांच्या किंवा बॉयलरच्या जड तेलातून. लाकडाच्या धुराची खूण म्हणून पूर्वी पोटॅशियमवर भिस्त असे, पण ते मातीतही असतं. त्यापेक्षा लेव्होग्लुकोसॅन ही साखरेच्या जातीची खूण भरवशाची. वनस्पतींमधलं सेल्युलोज जळताना ती तयार होते. डिझेलच्या धुरात ती सापडायची नाही. आणखी एक कसोटी मला सगळ्यांत देखणी वाटते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल सुमारे ५,७३० वर्षं. कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो उरलेलाच नसतो, ताज्या लाकडात आणि पेंढ्यात असतो. म्हणजे काजळीचं वय काढलं की चूल आणि इंजिन वेगळे होतात.

ठसे कायमचे नसतात. शिसं ही एके काळी पेट्रोलच्या धुराची हुकमी खूण होती. शिसंयुक्त पेट्रोल देशोदेशी बंद होत गेलं आणि २०२१ मध्ये शेवटी अल्जीरियातही थांबलं. आज फिल्टरवर शिसं सापडलं, तर जुन्या बॅटऱ्या वितळवणारी भट्टी शोधावी लागते.

एकाच फिल्टरवर सगळे ठसे मिसळलेले असतात. ते सोडवायला गणित लागतं. स्रोतांचे ठसे आधीच ठाऊक असतील, तर कोणाचा किती वाटा धरला की बेरीज जुळते, हे काढता येतं. ठाऊक नसतील, तर शंभरेक दिवसांचे नमुने घेऊन कोणते घटक एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात ते बघायचं. फिनलंडच्या पेंटी पाटेरो आणि उन्टो टॅपर यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत याच कामाची, आणि आज ती सर्रास वापरतात. पण अशा एकत्र चढणाऱ्या घटकांना संगणक फक्त ‘गट क्रमांक तीन’ एवढंच म्हणतो. त्याला ‘वाहनं’ म्हणायचं की ‘कचरा’, हे माणूस ठरवतो, आणि चुका बहुतेक इथेच होतात.

कारण तयार ठशांचे मोठे संग्रह श्रीमंत देशांतले आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ‘स्पेशिएट’ त्यांपैकीच एक. विकसनशील देशांतल्या शहरात मात्र धूर येतो तो वीटभट्टीतून, जनरेटरमधून, प्लॅस्टिकसकट जळणाऱ्या उकिरड्यातून. ढाक्यात २००२ अखेरपर्यंत टू-स्ट्रोक तीनचाकी धावत. त्यांच्यात वंगणतेल इंधनाबरोबरच जळतं आणि तेलातलं जस्त धुरात उतरतं. चारचाकीचा परदेशी ठसा लावून ही वाहनं कशी ओळखणार? ठसे त्याच गावच्या भट्टीच्या आणि उकिरड्याच्या धुरातून घ्यावे लागतात. काम घाणीचं आणि वेळखाऊ, म्हणून ते टाळलं जातं.

मग वर्तमानपत्रात टक्केवारीची वर्तुळं छापून येतात. एकात धूळ पहिली, दुसऱ्यात वाहनं, आणि दोन्ही बरोबर असू शकतात. पीएम १० मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, जड धूळ वजनाने बाजी मारते, पीएम २.५ मध्ये, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, जळण्यातून आलेले कण पुढे सरकतात. हिवाळ्यातला आणि पावसाळ्यातला हिशेब वेगळा, चौकातला आणि गच्चीवरचाही वेगळा.

शिवाय त्या वर्तुळात एक तुकडा असतो ‘दुय्यम कणां’चा. हे कण कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडलेले नसतात. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि शेणखतातून, शेतातून उठणारा अमोनिया यांची हवेतच गाठ पडते आणि अमोनियम सल्फेट बनतं, कधी शहरापासून शेकडो किलोमीटर दूर. हा तुकडा कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे फिल्टर सांगत नाही. त्यासाठी शहराबाहेरच्या धुराड्यांची यादी आणि त्या त्या दिवसांच्या वाऱ्याच्या नोंदी घेऊन बसावं लागतं.