पीट मॉस आमच्या नर्सरीत काहून नाही भेटत?
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

राम राम राजेहो,

मिरची, टमाटर, वांग्याची रोपं न्यायला येणारे बरेच शेतकरी भाऊ, त्यातल्या त्यात नवीन शेडनेट टाकलेली पोरं, आजकाल मोबाईलवर व्हिडिओ पाहून येतात अन् विचारतात, भाऊ तुम्ही ट्रेमध्ये कोकोपीटच (नारळाच्या सालीचा भुसा) काहून भरता, फॉरेनचा पीट मॉस (दलदलीतून काढून वाळवलेलं जुनं शेवाळ) आणा ना, त्यात रोप लय जोरदार येते म्हणे. सीझनमध्ये काउंटरवर गर्दी असते, तिथं धड सांगणं होत नाही, म्हणून हा कागद छापला. ट्रेसोबत घरी न्या अन् निवांत वाचा.

आधी खरं ते सांगून टाकतो, पीट मॉस माल म्हणून चांगलाच आहे. वजनाला हलका, अन् कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवतो. आमची अडचण तो येतो कुठून याची आहे, अन् किमतीची पण आहे, ते काही लपवत नाही.

कॅनडा, फिनलंड, स्वीडन अशा थंड देशात मोठमोठ्या दलदली आहेत. तिथं स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, वरून हिरवं राहतं अन् खालून मरत जातं, पण खाली पाणी भरलेलं, थंडी, आम्लता, ऑक्सिजन नाही, त्यामुळं ते धड कुजतच नाही, थरावर थर बसत जातो. तोच पीट. थर वाढतो तो वर्षाला जास्तीत जास्त मिलिमीटरभर, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी, म्हणजे मीटरभर जाडीला हजार-दोन हजार वर्षं धरून चाला. आपल्या माती परीक्षणाच्या कार्डावर सेंद्रिय कर्ब (कर्ब म्हणजे कार्बन) अर्धा टक्का आला तरी आपण खुश होतो, कारण आपल्या उन्हात जमिनीतलं सगळं लवकर जळून जातं, अन् तिथल्या पीटमध्ये कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास नुसता कर्बच असतो. जगातल्या जमिनीपैकी अशी जागा फक्त ३ टक्क्यांच्या आसपास, पण जगभरच्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून जेवढा कर्ब आहे त्याहून जास्त तिथं गाडलेला आहे. तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत सुटला की हवा तापते.

आता कोणी म्हणेल, दलदल हवेतून कर्ब घेते का सोडते हे मोजलं कोणी. मोजलं जी, अन् मोजायची पद्धत पाहण्यासारखी आहे.

एक पद्धत डब्याची. शेवाळात एक रिंग आधीच रोवून ठेवतात, तिच्या खाचेत पाणी भरतात म्हणजे कडेनं हवा निसटत नाही, अन् त्यावर पारदर्शक अॅक्रिलिकचा डबा पालथा ठेवतात, आत छोटा पंखा हवा घोळवत राहतो अन् नळीनं हवा मशीनमध्ये जाते. दोन-तीन मिनिटात आकडा दिसतो. ऊन असलं तर डब्यातला कार्बन डायऑक्साइड कमी होत जातो, कारण शेवाळ तो खाऊन राहिलं. मग त्याच डब्यावर काळं कापड टाकतात, अन्न बनवणं बंद पडतं, नुसता श्वास चालू राहतो, तर आकडा चढायला लागतो. दोन्हीतला फरक काढला की शेवाळानं किती खाल्लं ते कळतं. अन् हे सगळं लाकडी पाटावर उभं राहून करावं लागतं, कारण दलदलीत पाय पडला की खाली अडकलेले मिथेनचे (हवेविना कुजताना बनणारा गॅस) बुडबुडे दाबून वर येतात, आकडा एकदम उडतो अन् ते रीडिंग फेकून द्यावं लागतं.

डबा म्हणजे हातभर जागेचा हिशोब. मोठ्या जागेसाठी टॉवर उभा करतात, त्यावर आवाजाच्या लहरीनं वारा मोजणारं यंत्र अन् शेजारी गॅस मोजणारं. वारा सरळ वाहत नाही, त्यात भोवरे असतात, कधी हवा वर जाते कधी खाली येते, ती मशीन सेकंदाला १० ते २० वेळा पाहते की वर जाणाऱ्या हवेत गॅस जास्त आहे का खाली येणाऱ्या. अर्ध्या अर्ध्या तासाची सरासरी काढतात, म्हणजे दिवसाला ४८ नोंदी, वर्षाला १७,५२०. त्यातल्या बऱ्याच गाळाव्या लागतात, रात्री वारा पडला की भोवरेच नसतात, मग त्या वेळचा आकडा खोटा येतो. बर्फाखाली दलदल झोपली असं समजू नका, थंडीभर थोडा थोडा गॅस सुटतच राहतो, म्हणून मशीन बारा महिने चालू ठेवावी लागते.

कॅनडात ओटावा शहराजवळ मेर ब्ल्यू नावाची दलदल आहे, तिथं १९९८ पासून असं मोजमाप चालू आहे. पहिल्या सहा वर्षांचा सरासरी हिशोब असा निघाला की एका चौरस मीटरला वर्षाकाठी कार्बन डायऑक्साइडच्या रूपात ४० ग्रॅम कर्ब जमा, त्यातून १५ ग्रॅमच्या आसपास तपकिरी पाण्यात विरघळून ओढ्यानं वाहून गेला, ४ ग्रॅमच्या आसपास मिथेन होऊन उडाला, हाती राहिले २१-२२ ग्रॅम. एकराला काढलं तर ८५-९० किलो. एका एकराची वर्षाची शिल्लक ही एवढीशी, अन् तीही दरवर्षी सारखी नाही, एखाद्या वर्षी पाण्याची पातळी खाली गेली की हवा आत शिरते, कुजणं वाढतं अन् शिल्लक जवळपास पुसून जाते. मिथेनचं वेगळंच, पाणी वर असलं की तो जास्त सुटतो, अन् शंभर वर्षांच्या हिशोबात तो वजनाला कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. म्हणून नुसता एक गॅस मोजून दलदल चांगली का वाईट हे ठरवता येत नाही, दोन्ही गॅस अन् ओढ्याचं पाणी, तिन्ही पाहावं लागतं.

अमेरिकेत मिनेसोटात तर दलदलीच्या तुकड्यांभोवती वरून उघडी मोठी पारदर्शक घरं बांधून आतली हवा अन् जमीन ९ अंशापर्यंत जास्त तापवून पाहिली, पुढं काय होईल ते कळावं म्हणून. आपल्याकडं मे महिन्यात हा प्रयोग फुकटात होते म्हणा.

तर पीट काढायचा म्हणजे पहिले चर खणून दलदलीचं पाणी उतरवायचं, वरचं जिवंत शेवाळ खरडायचं अन् मग थर वाळवून पोत्यात भरायचा. नवीन जमा बंद, अन् जुनी शिल्लक हवेत सुटायला लागते. पोत्यातला पीट पण ट्रेमध्ये, बेडवर हळूहळू कुजून हवेतच जातो. मिरचीच्या महिना-दीड महिन्याच्या रोपासाठी हे आम्हाला पटत नाही, बाकी ज्याची त्याची मर्जी.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सालीचा भुसा, तामिळनाडू-केरळकडून येतो, काथ्या काढल्यावर उरलेला माल. तो काही देवाचा नाही, लांबून ट्रकनं येतो अन् स्वस्त ब्लॉकमध्ये मीठ लय असतं, मग रोपाची पानं कडेनं जळतात अन् लोक नर्सरीवाल्याला शिव्या देतात. आम्ही ब्लॉक भिजवून, गोड्या पाण्यानं धुऊन, ईसी मीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) आकडा उतरला की मगच ट्रे भरतो, तुमच्यासमोर मोजून दाखवू. घरी स्वतः ट्रे भरणार असाल तर धुतलेला कोकोपीट आमच्याकडं सुटा भेटतो, सोबत थोडं चाळलेलं गांडूळखत मिसळा, अन् खारं पाणी असलेल्या गावच्या भावांनी बोअरचं पाणी बाटलीत भरून आणा, त्याचा पण ईसी पाहून देतो, पैसे नाही लागत. रिकामे ट्रे तुटले नसले तर परत आणा, धुऊन औषधात बुडवून पुन्हा वापरतो अन् तेवढे पैसे बिलातून कमी करतो.